सोमवारचा दोडका

दोडका चिरताना मी देठाकडची एक चकती कच्चीच चावून बघते. पिशवीत जेवढे दोडके असतील तेवढ्यांची बघते. सून हसते. म्हणते, "आई, हल्ली कुठं कडू निघतात हो दोडके?" मी म्हणते, सवय आहे. सवय आहे हे खरंच. ती कशी लागली हे मात्र मी फार वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी मुळात बोलणारी बाई नाही. माहेरी वळसंगला मला सगळे मुकीच म्हणायचे. सासरी नाव झालं ते हाताच्या चवीमुळं, आणि ते नाव मी तोंडातल्या गुळाच्या खड्यासारखं जपलं.

माझे सासरे मूळ मंद्रूपचे. तरुणपणी गिरणीत साच्यावर, कापडाच्या मागावर, लागले, म्हणून घर सोलापुरात आलं. मंद्रूपला राहिलेलं थोडंसं रान वाट्यानं दिलेलं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. वर्षाच्या आतच सासूबाई गेल्या आणि स्वयंपाकघर माझ्याकडं आलं. काळ्या मसाल्यातलं भरलं वांगं, तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगांची चटणी, खुटखुटीत कडक भाकरी. गिरणीतले मामंजींचे जुने सोबती काहीतरी निमित्त काढून जेवणाच्या वेळेलाच यायचे. मामंजी कमी बोलत. फार खूश झाले की ताटावरून उठताना म्हणायचे, "सूनबाई, आज हात बसला." एवढंच. ते चार शब्द मला आठवडाभर पुरायचे. हे लिहिताना लाज वाटते, पण पुरायचे.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं. दीर रेल्वेत होते. बायको अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावची, घरात कानडी बोलणारी. उंच, सावळी, हसली की सगळे दात दिसायचे. तिचे वडील गावात वैद्यकी करत. मला ती पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायला लागली. माझी भाजी खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

"अक्का, लई तिखट हो! पोटात जाळ झाला की माज्या."

"हितं हेच खायचं असतंय," मी म्हणायचे, आणि तिच्या ताटात आणखी एक पळी वाढायचे. हाही हेवाच होता, फक्त तेव्हा हेवा करण्यासारखं तिच्याकडं काही नव्हतं, म्हणून तो मला ओळखू आला नाही.

ती दुष्काळाची वर्षं होती. ज्वारी मिळेना. रेशनवर तांबडा मिलो, परदेशी ज्वारी, यायचा, त्याच्या भाकरी चामड्यासारख्या व्हायच्या. तरुणांनी कशाबशा पचवल्या. मामंजींचं पोट मात्र त्यातून उठलंच नाही. पाऊस परत आला, ज्वारी परत आली, पण त्यांनी खाल्लेलं अंगी लागेना. जेवण झालं की लगेच डबा घेऊन उठायचे. डॉक्टरांच्या गोळ्या असेपर्यंत बरं वाटायचं, गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. धोतराला गाठ मारायला कंबर उरली नव्हती. मी त्यांना शक्ती यावी म्हणून आणखी कूट, आणखी तेल घालत होते. माझ्या हातचं खाऊन माणूस वाळतो, हे मला मान्यच होत नव्हतं.

मुलीला बघायला म्हणून वैद्यबुवा एकदा आले. कापडी पिशवी, पांढरी टोपी, पायांत वहाणा. चहा घेतला नाही. मामंजींची नाडी धरून बराच वेळ डोळे मिटून बसले. जीभ बघितली. मग विचारलं, "जेवणात काय असतं?"

"थोरल्या सूनबाईच्या हातचं," मामंजी म्हणाले. त्या अशक्तपणातही आवाजात तोरा होता. "वांगं, शेंगा, भाकरी. झणझणीत."

मी दाराआड उभी होते. मला ते ऐकून बरं वाटलं.

वैद्यबुवा हसले. "पाटील, चुलीतला विस्तव विझत आला तर तुमी काय घालता? ओंडका, का काटक्या?"

"काटक्याच की."

"मग पोटातल्या विस्तवाला ओंडके कशापायी घालताय?"

त्यांनी सांगितलं की आतला अग्नी मंद झालाय. अन्न शिजतच नाही आत, नुसतं कुजतं. वांगं बंद. शेंगा बंद. लाल तिखट, तेल, शिळं, सगळं बंद. सोलापूरच्या माणसाला शेंगा बंद म्हणजे अर्धं तोंड शिवून टाकल्यासारखंच. पडवळ, दुधी, दोडका, मूग, गाईचं तूप, ताजं ताक. तेही भूक लागल्यावरच, आणि गरम. मग ते स्वयंपाकघराकडं बघून म्हणाले, "हे आमची पोरगी करील. तिला यातलं समदं ठाऊक हाय. दिवाळीपतोर बघा. गुण आला न्हाय तर मी पुन्ना औषधाची पिशवी घेऊन या उंबऱ्याला यायचा न्हाय."

अशी माझ्या एका स्वयंपाकघराची दोन झाली. चूल माझी, आणि कोपऱ्यात कोळशाची शेगडी तिची.

मी तिच्याकडं पाठ करून भाकऱ्या थापायचे, पण कान आणि नाक तिकडंच. ती दोडक्याला हिरेकाई म्हणायची. आधी प्रत्येक दोडक्याची चकती कापून चावायची, मगच शिरा काढायला घ्यायची. "कडू निघाला तर सगळं पातेलं गेलं बघा," म्हणायची. फोडी मोठ्या करायची नाही, बारीकही नाही. मुगाची डाळ मूठभर भिजवलेली. शेगडीवर कल्हईचं पातेलं, त्यात तूप. तूप तापलं की जिरं, जिरं फुललं की हिंग. हिंग कधीच आधी नाही, जळतो म्हणायची. चारदोन मेथीदाणे, नुसते तांबूस होण्यापुरते. "जेवणात कडूबी पायजे, अक्का. जिभेला नको असतंय, पोटाला पायजे असतंय." मग कढीपत्ता, हळद, धन्याची पूड, डाळ, दोडका. वर ताट झाकून ताटात पाणी, म्हणजे भाजी स्वतःच्याच वाफेवर शिजायची. पाणी घालायचीच नाही. शेवटी सैंधव, मिरपूड आणि सुंठ. सुंठ उतरवताना. मग झाकण, आणि त्या झाकणावर तिचा हात, जणू आतलं काही तिला तळव्यातून कळत होतं.

तुपातल्या हिंगाचा तो वास माझ्या लाल फोडणीच्या वरून जायचा. माझी फोडणी ठसका आणायची, तिचा वास घरभर हळूच फिरायचा. मामंजी पूर्वी माझ्या चुलीकडं तोंड करून बसायचे. आता पाट फिरला. ते शेगडीकडं तोंड करून बसू लागले.

आणि त्यांना बरं वाटू लागलं. खरं सांगते, मला आधी आनंद झाला नाही. मी रोज त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचे ते गालाची हाडं अजून दिसतात का हे तपासायला. महिना-दीड महिन्यात ते बाहेर ओट्यावर येऊन बसू लागले. डबा घेऊन उठणं थांबलं. एकदा जेवून झाल्यावर ढेकर दिली आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या बापानं मला परत आणलं बघ."

पोरी. मला ते सूनबाई म्हणायचे. इतकी वर्षं सूनबाईच. तो शब्द मला मानाचा वाटायचा. त्या दिवशी पहिल्यांदा तो लांबचा वाटला, पाहुण्यांना म्हणतात तसा.

आमचे हे तर तिच्या भाजीची चव बघायला शेगडीजवळ जाऊन बसू लागले. "जरा मला बी वाडा की त्यातलं," म्हणून ताट पुढं. मी म्हटलं, "तुमचं पोट बिघडलंय का?" तर म्हणाले, "बिघडाया कशाला पायजे? वास लई छान येतोय." दीर हसले, ती हसली, मामंजीही हसले. मी पोळपाट धुवायला मोरीत गेले.

समोरच्या शेजारणीनं तर सरळच विचारलं, "काय हो थोरल्या बाई, तुमच्या चुलीला सुट्टी का आता?"

"सुट्टी कशाची? माणसं वाढली, चूल वाढली."

"व्हय का? तुमचे मामंजी ओट्यावर बसून सगळ्या पेठेला सांगतेत, धाकटीच्या हाताला गुण हाय म्हणून. मला वाटलं तुमच्या हाताला काय झालं का काय."

ती हसत हसत गेली. मी त्या दिवशी चटणी कुटताना खलात इतक्या जोरानं बत्ता हाणला की खलाला चीर गेली.

जावेचा स्वभाव वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. पण ती मला विचारल्याशिवाय तुपाचं भांडंही उचलत नव्हती. "अक्का, तुमी सांगा, मीठ किती?" म्हणायची. तिला चांगलं माहीत होतं किती ते. माझा मान राखायला विचारायची, आणि ते मला कळायचं. हेवा करणाऱ्या माणसाला समोरच्याचा चांगुलपणा फार बोचतो.

ती दर सोमवारी उपास करायची. श्रावणातलेच नव्हे, वर्षाचे सगळे. तोंडात तीर्थाशिवाय काही नाही, संध्याकाळी दिवा लागला की सोडायची. सोमवारी भाजी करायची असेल तर दोडका रविवारीच चाखून ठेवायची, नाहीतर सरळ मूग टाकायची. त्यामुळं आजवर अडलं नव्हतं.

दसरा जवळ आला होता. एका सोमवारी सकाळी मंद्रूपहून वाटेकरी आला, आणि त्यानं पिशवीभर दोडके आणले. रानातल्या विहिरीच्या काठावर वेल आपोआप उगवला होता म्हणे. मामंजींना आपल्या रानातला दोडका म्हणून कोण आनंद झाला! "आज हेच करा," म्हणाले. घरात दुसरी भाजीही नव्हती.

तिनं विळीवर दोडका घेतला, चकती कापली, तोंडाकडं नेली आणि थांबली. हसली.

"बघा की अक्का, माजा सोमवार. तेवढं तुमी जिभेला लावून बघता का?"

मी हातातलं पीठ झटकून आले. चकती घेतली, चावली.

कडू. आपोआप उगवलेल्या रानवेलाचा असतो तसा. जिभेच्या मुळापर्यंत गेला. आमच्या वळसंगला असला दोडका शेळीपुढंही टाकत नाहीत, शेणखड्ड्यात टाकतात. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. हे सगळं लिहायचं ठरवल्यावर सगळ्यांत आधी हेच ठरवलं, की हे म्हणायचं नाही.

थुंकले असते तर कळलं असतं. मी ते गिळलं. ती माझ्याकडं बघत होती, विळीवर पाय ठेवून, दुसरा दोडका हातात. तिच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती.

"गोड हाय," मी म्हणाले.

"सगळे एकाच वेलाचे म्हंजे सगळेच बघाया नकोत," असं पुन्हा मीच म्हणाले. आणि माठापाशी जाऊन तांब्याभर पाणी प्यायले.

माझ्या मनात काय होतं? मी ते खूप वेळा तपासलं आहे. मामंजी पहिला घास घेतील, तोंड वाकडं करतील, ताट सरकवतील आणि म्हणतील, सूनबाई, तूच कर बाई. मला तेवढंच हवं होतं. तिच्या हातचं ताट एकदा, फक्त एकदा, परत जावं. त्या पुढचं मी बघितलं नाही. बघितलं नाही म्हणजे दिसत नव्हतं असं नाही.

भाजी झाली. तिनं उपासामुळं चाखली नाही. झाकण ठेवून ती महादेवाला जाऊन येते म्हणाली, म्हणून वाढायची पाळी माझ्यावर आली. मामंजींनी घास घेतला. चावायचे थांबले.

"आज कडवट लागतंय गं."

इथं मला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती. ताट ओढून घेता आलं असतं. मी म्हणाले, "औषधी असतंय की ते, मामंजी. मेथ्या जास्त पडल्या असतील. नको वाटलं तर ठेवा."

नको वाटलं तर ठेवा. हेच तर ऐकायला मी थांबले होते. ते ताटाकडं बघत राहिले, आणि मग हसले. "पोरीनं उपाशीपोटी केलंय. टाकू कशाला?"

आणि त्यांनी ते सगळं खाल्लं. भाकरीच्या तुकड्यानं वाटी पुसून खाल्लं. माझ्या हातची भाजी जरा खारट झाली तर बाजूला सारणारा माणूस, तिच्या हातचं कडू विख निमूट खात होता. त्यांच्या घशातून ते उतरत होतं आणि मला त्यांची काळजी वाटायच्या ऐवजी तिचा हेवा वाटत होता. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट मला विचारली तर मी ते खोटं बोलणं सांगणार नाही. ती वाटी पुसली जात असताना मला जे वाटलं, ते सांगेन.

ती देवळातून परत यायच्या आत उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. दुपारपर्यंत हातपाय गार पडले. हे टांगा आणायला धावले. दीर ड्युटीवरून आले ते तसेच दवाखान्यात गेले. सलाईन लावावं लागलं. वाचले. पण मिळवलेलं सगळं गेलं. घरी आले तेव्हा पुन्हा तीच गालाची हाडं, जी मी रोज बघत होते.

दीर शांत माणूस, पण त्या दिवशी बायकोवर ओरडले. "तुज्या बापाच्या झाडपाल्यानं माजा बाप मारला असता!"

तिनं शेगडी विझवली.

वैद्यबुवांना निरोप गेला, ते दुसऱ्या दिवशी आले. मामंजींच्या उशाशी बसले, नाडी बघितली. मग मुलीला समोर बोलावलं. घरातले सगळे तिथंच होतो. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि माझ्या पाठीला भिंत गार लागत होती.

"काय केलं हुतंस?"

"दोडका, अप्पा. मंद्रूपहून आलेला."

"कडू दोडका वांती करवतोय, ठाऊक हाय न्हवं? चाखला हुतास का?"

तिनं बापाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. अजिबात बघितलं नाही, यावरूनच मला कळायला हवं होतं.

"व्हय. मीच चाखला."

सोमवार होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. बायकांचे उपास पुरुषांच्या ध्यानात कधी राहतात? फक्त मामंजींनी डोळे उघडले आणि छताकडं बघत राहिले.

"मग तुझी जीभ कशी चुकली गं?"

"चुकली, अप्पा."

वैद्यबुवांनी मान हलवली. मला वाटलं ते तिला बोलतील. ते नाही बोलले. "तर मग माजंच शिकवणं उणं पडलं," म्हणाले. मामंजींना हात जोडले, दिरांनाही जोडले. आपल्याहून निम्म्या वयाच्या जावयाला. दीर खाली बघत राहिले. मी ताक आणून पुढं केलं. माझ्या हातातनं पेला घेऊन ते उभ्यानं प्यायले आणि म्हणाले, "थोरल्या बाई, यांचं तेवढं तुमी संभाळा आता." पिशवी घेऊन गेले. त्यानंतर ते आमच्या उंबऱ्याला आले नाहीत.

आणि मी? मला तिच्या त्या खोट्याचाही हेवा वाटला. माझं खोटं दोन शब्दांचं, पण त्यानं माणूस मरता मरता राहिला. तिचं खोटंही तेवढंच, पण त्यानं मी वाचले. मी तिच्यासारखी कधीच होणार नव्हते, हे मला त्या ताकाचा रिकामा पेला धुताना लख्ख कळलं.

सगळं स्वयंपाकघर पुन्हा माझं झालं. शेगडी माळ्यावर गेली. पण मामंजींच्या पोटाला तिखट चालत नव्हतंच. मग त्यांच्यासाठी मी तीच भाजी करू लागले. तूप, जिरं, मग हिंग, वरच्या ताटात पाणी, उतरवताना सुंठ. मला कुणी शिकवावं लागलं नाही. इतके महिने जळत्या डोळ्यांनी बघितलं होतं की हातांना सगळं पाठ झालं होतं. तरी ती तशी व्हायची नाही. मामंजी जेवायचे. "बरी झालीय," म्हणायचे. हात बसला, असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत. आणि ताट समोर आलं की जेवायच्या आधी रोज विचारायचे, "सूनबाई, चाखलीस का?"

"व्हय, मामंजी."

तेवढं ऐकूनच घास घ्यायचे. त्यांना काय कळलं होतं, किती कळलं होतं, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. ते गेले तेही दुसऱ्याच दुखण्यानं. पण जाईपर्यंत रोज विचारलं.

दिरांची बदली जेऊरला झाली, तसं बिऱ्हाड हललं. सणावाराला येणंजाणं राहिलं. ती आली की मला अक्काच म्हणायची, माझ्या स्वयंपाकघरात भाकरी थापायची, भांडी घासायची. भाजीला मात्र कधी हात लावला नाही. मी आग्रह केला नाही.

गेल्या वर्षी तिचे वडील वारले. त्यानंतर ती पहिल्यांदा माझ्याकडं राहायला आली. सकाळची वेळ, घरात आम्ही दोघीच. दोघींचे केस पांढरे झालेले. मी बाजारातून दोडके आणले होते. ती विळीपाशी बसली आणि मी ओट्यापाशी उभी राहिले. मला आठवलं, आज सोमवार आहे. का कोण जाणे, तेव्हा तोंडातून निघून गेलं.

"तो दोडका कडू होता," मी म्हणाले. "मला कळलं होतं. मी मुद्दाम गोड म्हणाले."

ती शिरा काढत होती. हात थांबला नाही. "ठाऊक हाय की."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. सांजंला उपास सोडला नि पातेलं घासताना बोट लावलं. आसलं कडू जिभेला कळत न्हाय व्हय? आधी वाटलं, तुमच्या वाटणीची चकती बरी निघाली आसंल. मग आठवलं, तुमी चकती खाल्ली नि तांब्याभर पाणी प्यायलात."

मी विचारलं, "मग अप्पांना का नाही सांगितलंस?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर भाऊ भाऊ तिथंच तुटले असते. मामंजींच्या डोळ्यांदेखत. मला वाटलं, माज्यावर निभतंय तर निभू दे." आता तिचा हात थांबला. "आन मला वाटलं, तुमी सांगाल. आज न उद्या अप्पांना गाठून सांगाल. वाट बघितली मी, अक्का. अप्पांनी त्याच्यानंतर कुणाच्या नाडीला बोट लावलं न्हाय. लोक दारात यायचे, तर म्हणायचे, माजा हिशोब चुकतोय आता. मरेपतोर म्हणायचे. मी सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, पोरगी बापाचं मन राखायला बोलतीया. त्यांना खरं वाटलं असतं ते तुमच्याच तोंडनं."

मी तिची माफी मागितली. तिनं पुढचा दोडका घेतला. माफ केलं म्हणाली नाही, करत नाही असंही म्हणाली नाही. ज्याला सांगायचं होतं तो माणूस गेल्यावर मी सांगत होते, ती माफी तिला देऊन टाकण्यासारखी नव्हतीच. आणि एवढ्या वर्षांनी, त्या क्षणीही, मला वाटलं: मी सांगायचं होतं ते खरं ही इतकी वर्षं एकटी सांभाळत बसली, आणि मी फक्त तिच्याकडं बघत राहिले. तेव्हासारखंच.

पातेल्यात तूप तापलं होतं. मी जिरं टाकलं, मग हिंग, आणि पातेलं खाली घेतलं. सवयीनं विळीवरची एक चकती उचलली आणि तोंडाकडं नेली.

"आणा हिकडं," ती म्हणाली.

"अगं, सोमवार आहे तुझा."

तिनं माझ्या हातातून चकती काढून घेतली. लग्न झाल्यापासून तिनं एकही सोमवार मोडला नव्हता, बाळंतपणातसुद्धा नाही. तिनं ती चकती तोंडात टाकली आणि माझ्याकडं बघत सावकाश चावली. मग दुसऱ्या दोडक्याची कापली, तीही. पिशवीतल्या एकेका दोडक्याची.

शेवटची गिळून तिनं तोंड पुसलं आणि फोडींची ताटली माझ्याकडं सरकवली.

"टाका," म्हणाली.